पुसलेली शिडी

फडकं वीस सेंटिमीटर चौरस होतं, पांढरं, धागे न सोडणारं. त्याच्यावर एक राखाडी रेघ उमटली होती. चार सेंटिमीटर लांब, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला विरत गेलेली. बोटाने चोळली तर पिठासारखी लागत होती. मी फडकं घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हातमोजे बदलले आणि नोंदवहीत लिहिलं : नमुना स्वच्छ केला. तपासणीस तयार.

याला आता सव्वा वर्ष झालं.

आमची संस्था ग्राहकांसाठी वस्तू तपासते आणि वर्षातून एकदा त्यांची तुलना पुस्तिकेत छापते. त्या वर्षी आम्ही प्रथमच गाडीच्या टपावर बसणारे तंबू घेतले होते. प्रवासात तो छतावर बंद पेटीसारखा असतो. मुक्कामाला उघडला की दोन-तीन माणसं झोपतील एवढी खोली तयार होते आणि चढायला एक सरकती शिडी लावायची. तीन कंपन्यांचे तीन तंबू आले. तपासणाऱ्याचं मन कुणाकडे झुकू नये म्हणून आम्ही नावं झाकतो. या तंबूंवर अ, ब आणि क अशी अक्षरं चिकटवली; कुठलं अक्षर कुठल्या कंपनीचं ते पुस्तिकेतच छापतात. संस्थेतली काही माणसं ते घेऊन दहा दिवस बाहेर राहून आली. मग तंबू माझ्या प्रयोगशाळेत आले, धुळीने माखलेले.

कापडातून पाणी किती दाबाला झिरपतं, चेन किती उघडझापीनंतर अडकते, शिडी किती वजन पेलते, हे माझं काम. कंपनी फोन किती वेळाने उचलते, तक्रार केली तर कसं बोलते, सुटा भाग किती दिवसांत पाठवते, हे शेजारच्या खोलीतल्या सहकारिणीचं. तिला सगळे ‘फोनवाली’ म्हणतात. तीही फोन उचलून तेच सांगते. तिच्या टेबलावर एक स्टॉपवॉच असतं आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी ‘थांबा’ म्हटल्याचा भाव.

‘ब’ची शिडी नळीत नळी सरकणारी होती. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगवर एक खिट्टी, साधारण पेन्सिलीएवढी जाड. शिडी ओढून लांब केली की खिट्टी समोरच्या भोकात शिरते आणि नळी जागच्या जागी अडकते. बाहेरून कळावं म्हणून एक बारीक खिडकी असते. खिट्टी मागे असली तर ती लाल दिसते, पुढे आली की हिरवी. ‘ब’ची खिट्टी पूर्ण सहा मिलिमीटर आत जायची. मी शिडी पाचशे वेळा उघडली, पाचशे वेळा मिटली, मग दीडशे किलोचं वजन चोवीस तास टांगून ठेवलं. एकदाही चूक नाही. लॉकची विश्वासार्हता : उत्तम.

फोनवालीकडेही ‘ब’च पहिला आला. पुस्तिका छापून झाली.

माझा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. त्याने नोकरी संपल्यावर काय करायचं याची यादी केली होती आणि तिच्यात तंबू दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर ‘बायकोचं ऐकणे’ असं होतं. ते वहिनीने लिहिलेलं.

“मिलिमीटर,” दादाने मला फोन केला. मी सातवीत असताना कंपासपेटीच्या पट्टीने त्याची मिशी मोजली होती, तेव्हापासून हे नाव पडलंय. “तुझी पुस्तिका वाचली. ती लोकांसाठी झाली. आता मला सांग, तू स्वतः घेशील तर कुठला घेशील?”

“ब,” मी म्हणाले.

“मोजून सांगतेस ना?”

“मोजूनच.”

पहिली सहल चांगली झाली. दुसऱ्या सहलीच्या चौथ्या दिवशी, सकाळी, तो तंबूतून उतरताना दुसऱ्या पायरीवरून खाली आला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. धातूची पट्टी आणि चार स्क्रू.

इस्पितळात मी गेले तेव्हा तो गुंगीत होता, पण बोलत होता. वहिनी त्याच्या उशाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती, “पाय घसरला. वजन कमी करा म्हणून मी घसा कोरडा करत होते.” तो हसायचा. मग एकदा वहिनी औषधं आणायला गेली आणि तो छताकडे बघत म्हणाला, “गंमत सांगू? मला घसरल्यासारखं वाटलंच नाही. पायरी खाली बसली. आपण खुर्चीत बसतो ना, तशी. पण वहिनीला सांगू नकोस. म्हणेल, आता शिडीवर ढकलतोय.”

मी ते वाक्य घरी जाऊन वहीत लिहिलं. तारीख आणि वेळ घातली. बाकी काही केलं नाही.

म्हणजे अगदीच काही केलं नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी मी गोदामातून ‘ब’चा तोच नमुना काढला आणि शिडी पुन्हा तपासली. कार्यपद्धतीप्रमाणे आधी पुसून घेतली. शंभर वेळा उघडली, मिटली. खिट्टी सहा मिलिमीटर. पुढच्या आठवड्यात दोनशे वेळा. सहा मिलिमीटर. मग शिडीचा कोन बदलून, मग एका बाजूला जास्त वजन देऊन. दर वेळी आधी फडकं. आठ महिन्यांत माझ्याकडे इतके आकडे जमले की त्यांचा आलेख सरळ रेघ दिसायचा आणि ती रेघ पाहिली की मला बरं वाटायचं. फडक्यावरची ती राखाडी रेघ मी विसरले होते असं मात्र म्हणता येणार नाही. मी तिच्याकडे बघत नव्हते, एवढंच.

दादा जिच्यावरून पडला ती शिडी त्याच्या गॅरेजमध्ये होती. ती एकदा पाहायला आण, असं मी त्याला आठ महिन्यांत म्हणाले नाही.

यंदाच्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा संपादकांनी प्रत्येक तपासणाऱ्याला एक पान दिलं. ज्या वस्तूंची नव्याने तपासणी करायची नाही, त्यांच्यापुढे ‘मागील निकाल कायम’ असं लिहून सही करायची. तंबूंचं पान अकरा दिवस माझ्या खणात होतं. संपादक शांत गृहस्थ आहेत. चौथ्या दिवशी त्यांनी दारातून नुसतं डोकावून पाहिलं. आठव्या दिवशी म्हणाले, “तीन शब्द लिहायचेत, मॅडम. मी कादंबरी मागत नाहीये.” दहाव्या दिवशी म्हणाले, “उद्या संध्याकाळी पानं छपाईला जातील.”

त्या उद्याच्या दुपारी फोनवाली चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत आली. ती माझ्या खोलीत येते कारण इथे फोन नाही.

“झालं माझं,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “ग्राहकसेवेत ‘ब’ पुन्हा पहिला. दहापैकी साडेनऊ. अर्धा गुण मी नजर लागू नये म्हणून कापलाय.”

“आणि ‘अ’?”

“‘अ’चं नाव काढू नका, ताई. अठरा मिनिटं वाजंत्री ऐकवतात. मग एक बाई येते, ती माझी उलटतपासणी घेते. शिडीची तक्रार आहे? चार बाजूंनी फोटो पाठवा. कुठे वापरली? वाळूत की चिखलात? किती दिवस? जुनी शिडी आधी आमच्याकडे पाठवा, आम्ही बघू, मग नवीन. मी म्हटलं, माझी जन्मपत्रिकाही पाठवू का? तीन आठवडे लागले. चार गुण दिले, तेही दयेपोटी.”

“‘ब’ला काय तक्रार सांगितलीस?”

“तीच. शिडी नीट अडकत नाही. पाच वेगवेगळ्या नावांनी पाच फोन केले. तीन रिंगांत उचलतात. इतकं गोड बोलतात की मलाच वाईट वाटलं खोटं बोलताना. तिसऱ्या दिवशी नवीन शिडी दारात, सोबत हाताने लिहिलेलं कार्ड. एक प्रश्न नाही.”

“जुनी शिडी?”

“जुनी मागतच नाहीत. काय करायचीय त्यांना जुनी? लोणचं घालणार?”

मी लिहीत होते ते थांबवलं. “पाचही वेळा मागितली नाही?”

“पाचही वेळा. फोटोसुद्धा नाही.” ती चहा पिता पिता थांबली. “का हो, ताई?”

मी तिला सांगितलं की बिघडलेली वस्तू न बघता जो बदलून देतो, त्याला एक तर ती बघायची नसते, नाहीतर ती कशी दिसते हे त्याला आधीच माहीत असतं. हे बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. फोनवालीने कप खाली ठेवला. ती विनोदी आहे, पण तिला चटकन कळतं.

“म्हणजे माझे साडेनऊ...” ती म्हणाली.

“तुझं मोजमाप बरोबर आहे. तू जे मोजायचं ठरवलंस ते नीट मोजलंस,” मी म्हणाले. “माझंही तसंच आहे.”

मी व्हर्नियर कॅलिपर त्याच्या डबीत ठेवला, डबी पिशवीत टाकली आणि संपादकांना सांगितलं की पान संध्याकाळी साडेपाचपर्यंत देते. त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन झाले होते.

दार वहिनीने उघडलं. “या वन्सं. आज सूर्य कुठे उगवला?” माझ्यावर रागावली की ती मला ‘वन्सं’ म्हणते, नाहीतर नावाने हाक मारते. मी महिनाभर फिरकले नव्हते.

घराची मांडणी बदलली होती. भिंतीवरचं वरचं कपाट रिकामं करून त्यातल्या वस्तू खाली आणल्या होत्या. दिवा बदलायला लागणारं दोन पायऱ्यांचं स्टूल दाराबाहेर होतं, कुणीतरी घेऊन जाण्याच्या बेताने.

“ते देऊन टाकतोय,” वहिनी म्हणाली. “ते चढत नाहीत आता कशावरच. दिवा गेला तर शेजारच्यांना बोलावतात. परवा गाडीची किल्लीही माझ्याकडे दिली. म्हणाले, ज्याला स्वतःचा पाय कळत नाही त्याने ब्रेक दाबू नये.”

दादा आतल्या खोलीत खिडकीशी बसला होता. काठी खुर्चीला टेकवलेली. वजन बरंच उतरलं होतं, शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

“मिलिमीटर. बरं झालं आलीस. तंबू शनिवारी पुन्हा निघतोय. लेक घेऊन जातेय, जावई, आणि आमची छोटी. दोन वर्षांची झाली, शिडी बघितली की चढायला धावते. मी सांगितलं, बिनधास्त जा, आत्याने तपासलेली वस्तू आहे. शिवाय पडल्याचं नुसतं कळवलं तर कंपनीने नवी कोरी शिडी दिलीय. माणसं चांगली गं ती. मला बरं वाटावं म्हणून कार्ड पाठवलं.”

कार्ड पुस्तकांच्या फळीवर उभं करून ठेवलेलं होतं.

“दादा, जुनी शिडी आहे का?”

“असेल गॅरेजमध्ये. का?”

“बघायचीय.”

वहिनी मला घेऊन गेली. शिडी भिंतीशी उभी होती, जुन्या गादीच्या मागे, मिटलेली. “मी धुऊन पुसून देऊन टाकणार होते,” वहिनी म्हणाली. “पण इतका राग आला होता तिचा की हात लावावासा वाटला नाही. तशीच पडलीय तेव्हापासून.”

“हात लावला नाहीस ते बरं केलंस,” मी म्हणाले. “टॉर्च धरशील?”

नळ्यांवर पिवळसर धूळ सुकून बसली होती. माझ्या पिशवीत फडकं होतं, ते नेहमी असतं. मी ते बाहेर काढलं नाही. शिडी जमिनीवर आडवी ठेवून मी एकेक नळी ओढत गेले. खट, खट, खट. प्रत्येक खिडकी हिरवी झाली. दुसऱ्या पायरीचीही हिरवी झाली. आवाज मात्र जरा वेगळा आला, बसका.

मी गुडघ्यांवर बसले आणि कॅलिपर लावला. डाव्या टोकाची खिट्टी सहा मिलिमीटर आत गेली होती. उजव्या टोकाची दोन पूर्णांक तीन. मी कॅलिपर शून्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक तीन. तिसऱ्यांदा दोन पूर्णांक दोन. खिट्टीच्या भोवती, स्प्रिंगच्या तोंडाशी, पिठासारखी धूळ दाबून बसलेली दिसत होती. खिडकी हिरवी व्हायला दोन मिलिमीटर पुरेसे होते. माणूस पेलायला नव्हते.

शिडी भिंतीला टेकवून मी त्या पायरीवर तळहात ठेवला आणि अंगाचा भार दिला. क्षणभर काही झालं नाही. मग उजवी बाजू सावकाश खाली गेली, तिच्या तिरक्या ओढीने डावी खिट्टीही सुटली, आणि पायरी माझ्या हाताखाली बसली. खुर्चीत बसावं तशी.

टॉर्चचा उजेड हलला.

काठीचा आवाज मागून आला. दादा गॅरेजच्या दारात उभा होता. किती वेळ होता कुणास ठाऊक.

“पुन्हा कर,” तो म्हणाला.

मी नळी पुन्हा ओढली. खिडकी हिरवी झाली. मी भार दिला आणि पायरी बसली. तो जवळ आला, काठी वहिनीच्या हातात दिली, आणि वाकून त्या हिरव्या खिडकीवर अंगठा ठेवला.

“म्हणजे मी घसरलो नव्हतो.”

“नाही.”

“वजनाचं काही नव्हतं.”

“नाही. निम्म्या वजनाचा माणूसही पडला असता.”

अंगठा त्याने तिथून काढला नाही. “आठ महिने,” तो म्हणाला. वहिनीने टॉर्च बंद केला. दुसऱ्या हाताने तिने त्याचा खांद्यावरून ओघळलेला शर्ट सरळ केला.

“आणि हे तुला आज कळलं?” त्याने मला विचारलं.

याला खरं उत्तर दोन शब्दांत देता आलं असतं. मी जरा लांबवून दिलं. म्हणाले, तू इस्पितळात खुर्चीचं बोललास तेव्हाच मला शंका आली होती. मी धुळीने भरलेली शिडी पुसून मग तपासली होती, मूळ तपासणीतही आणि नंतरही. स्वच्छ शिडी कधीच चुकत नाही, म्हणून माझे आकडे कधीच चुकले नाहीत. ही शिडी मी तुझ्याकडे मागितली नाही, कारण ही मागितली असती तर मोजावी लागली असती.

माझे हात धुळीने पिवळे झाले होते. ते कुठे पुसावे मला कळेना.

दादा गादीच्या कडेवर टेकला. तो लहानपणापासून असाच आहे. माझ्या हातून काच फुटली तरी आधी म्हणायचा, खिडकीच नीट लावली नव्हती. “अगं, ठीक आहे,” तो म्हणाला. “धुळीचंच आहे ना? मग लेकीला सांगतो, रोज पुसून चढ. आणि तुझ्या नव्या पुस्तिकेत खाली एक ओळ घाल. शिडी स्वच्छ ठेवावी. झालं काम. उगाच तुझ्या नोकरीवर कशाला बालंट?”

ती ओळ मलाही सुचली होती. अकरा दिवसांत कितीतरी वेळा. तारांकन करून, बारीक अक्षरात, पानाच्या तळाशी. कंपनीच्या माहितीपत्रकातही ती आहे, चौदाव्या पानावर. ओळ बरोबरच होती, म्हणूनच ती इतकी मोहात पाडायची.

“अहो,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “छोटी चढायला धावते तेव्हा आधी फडकं कोण फिरवणार?”

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग स्वतःच्या पायाकडे.

“मी तुला यातून सोडवायला बघत होतो,” तो मला म्हणाला. “पण ती म्हणते ते बरोबर आहे.”

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फोन काढला. पडद्यावर धुळीचा ठसा उमटला. संपादकांनी पहिल्याच रिंगला उचलला. त्यांच्या मागे छपाईच्या पानांची सळसळ ऐकू येत होती.

“बोला मॅडम. तीन शब्द. मी हाताने लिहून घेतो, सही उद्या करा. ‘मागील निकाल कायम’. लिहू?”

शिडी भिंतीला टेकलेली होती, दुसरी पायरी खाली बसलेली, तिच्या कडेची खिडकी अजून हिरवी.

“लिहू नका,” मी म्हणाले. “‘ब’ची शिडी चढण्याजोगी नाही. मी ती पुसून तपासली, ती चूक माझी आहे, आणि हे मला आठ महिन्यांपासून वाटत होतं. मागील निकाल मी मागे घेते. माझ्या सहीने.”